घरचा कॉम्प्युटर : डेस्कटॉप की लॅपटॉप? (सोलापूर, ७० हजारांपर्यंत)

शेंगाचटणी | २ मार्च, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. घरासाठी कॉम्प्युटर घ्यायचा आहे, राहायला जुळे सोलापूर. मुलगी अकरावी सायन्सला आहे, पुढे बहुतेक इंजिनिअरिंग. शिवाय घरच्या दुकानाचं टॅली आणि जीएसटीचं काम, त्यासाठी डिजिटल सहीचं यूएसबी टोकन लागतं. छपाई आठवड्याला तीसेक पानं. गेम नाहीत. खोलीला एसी नाही, उन्हाळ्यात कुलर असतो. वीज मधूनच जाते.

डेस्कटॉप घ्यावा की लॅपटॉप? इंटेलचा आय-५ प्रोसेसर (मुख्य चिप) लागेलच का? आणि इथेच घ्यावा, पुण्याहून आणावा की ऑनलाइन मागवावा? ७० हजारांत यूपीएस आणि प्रिंटर दोन्ही बसले तर उत्तम.

रात्रपाळी | २ मार्च, रात्री ९:४८

आधी खोलीच्या तापमानाचं बघू, कारण आपल्याकडे निम्मा निर्णय तिथेच होतो. पंखा कितीही भारी लावा, तो प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा गार करू शकत नाही. २५ अंशांच्या खोलीत जी मशीन ७५ वर चालते, ती एप्रिल-मेच्या ४२ अंशांत तेच काम करताना ९०च्या वर जाते. इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. तिथे पोचला की तो जळत नाही, स्वतःचा वेग उतरवतो. म्हणजे पैसे जलद प्रोसेसरचे द्यायचे आणि भर उन्हाळ्यात काम हळू प्रोसेसरचं घ्यायचं.

लॅपटॉपमध्ये हे जास्त जाणवतं. पंखा लहान, जाळी बारीक, आणि हवा बहुतेक वेळा खालून ओढली जाते. गादीवर किंवा चादरीवर ठेवला की तोंडच बंद. शिवाय लिथियम बॅटरीला दोन गोष्टी एकत्र सोसत नाहीत, उष्णता आणि सतत १०० टक्के चार्ज. दिवसभर प्लगला लावून काम करायचं असेल तर चार्ज ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय त्या मॉडेलला आहे का, हे घेण्याआधी विचारा.

मशीन एका जागीच राहणार असेल तर डेस्कटॉप. मुलगी दोन वर्षांनी हॉस्टेलला गेली तर लॅपटॉप तेव्हा घ्या. आज घेतलेला लॅपटॉप तोवर दोन उन्हाळे जुना झालेला असेल, आणि वॉरंटी सहसा एकाच वर्षाची असते.

एक राहिलं. कुलरच्या थेट झोतात कॅबिनेट (कॉम्प्युटरचा डबा) ठेवू नका. आपलं पाणी जड. पॅडवरून तुषार उडाले की क्षार आतल्या मदरबोर्डवर (सगळे भाग जोडणारी पाटी) बसतात आणि दमट हवेत तिथे गंज धरतो.

पूर्वभागकर | २ मार्च, रात्री १०:२०

शेजारी यंत्रमाग किंवा टॉवेलचं शिलाई युनिट असेल तर साध्या धुळीपेक्षा सुताचे तंतू जास्त त्रास देतात. धूळ फुंकर मारली की उडते. तंतू मात्र हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता काढणारा धातूचा ठोकळा) पात्यांमध्ये नमद्यासारखे थर धरतात, वरून पंखा फिरताना दिसतो आणि आत हवा जातच नाही.

कॅबिनेट पुढून जाळीचं आणि निघणाऱ्या फिल्टरचं घ्या. पुढे काच असलेली चमकदार कॅबिनेट आपल्या हवेला योग्य नाहीत. पुढे दोन पंखे आत हवा घेणारे, मागे एक बाहेर टाकणारा. आत येणारी हवा जास्त असली की फटींमधून धूळ ओढली जात नाही, ती फिल्टरवरच अडते. फिल्टर महिन्याला धुवायचा, पूर्ण वाळवून लावायचा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. हवेच्या जोराने पंखा सुसाट फिरला तर बेअरिंग जातं. टेबलाखाली जमिनीवर नको, निदान वीतभर उंच ठेवा.

तिसरी_पिढी | ३ मार्च, सकाळी ७:३५

आय-५ बद्दल. नुसतं "आय-५" म्हणजे काहीच कळत नाही. पूर्ण नंबर मागा. दुकानदार तो सांगत नसेल तर तिथून उठा.

आय-५ ३४७० हा २०१२चा प्रोसेसर, आय-५ १२४०० हा २०२२चा. स्टिकरवर दोघांचंही नाव आय-५. तुमच्या कामाला आय-३ १२१०० (४ कोअर म्हणजे आतले काम करणारे भाग, ८ थ्रेड म्हणजे एकावेळी चालणारी कामं) पुरतो. टॅली, एक्सेल, ब्राउझर, ऑनलाइन क्लास यांना कोअरची संख्या फारशी लागत नाही, एका कोअरचा वेग आणि एसएसडी (चिपवरची जलद डिस्क) लागते. पुढे मुलीला कॅड किंवा प्रोग्रामिंग करायचं म्हणून मोठा घ्यायचाच असेल तर १२४०० (६ कोअर, १२ थ्रेड). मात्र शेवटी एफ अक्षर नको. १२४००एफ मध्ये ग्राफिक्स नसतं, वेगळं कार्ड लावल्याशिवाय स्क्रीनवर चित्रच येत नाही. तो थोडा स्वस्त मिळतो म्हणून कोटेशनमध्ये हळूच येतो.

एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या प्रोसेसरांत रायझन ५ ५६००जी ठीक, जी म्हणजे ग्राफिक्स असलेला. ५५०० आणि ५६०० या दोघांत ग्राफिक्स नाही.

लॅपटॉपच घ्यायचा ठरला तर फसगत नावातच असते. एएमडीच्या रायझन ५ ७५२०यू यातला ७ बघून नवी पिढी वाटते. या मालिकेत तिसरा अंक बघायचा. तिथे २ आहे, म्हणजे आतली रचना २०१९ची झेन २, आणि कोअर फक्त चार. ७५३०यू मध्ये झेन ३ आणि सहा कोअर. नावात एका अंकाचा फरक, कामात मोठा. इंटेलमध्ये आय-३ १२१५यू आणि आय-३ एन३०५ ही जोडी तशीच. एन३०५ ला आठ कोअर आहेत, पण आठही लहान, वीज वाचवणारे. १२१५यू ला सहाच, पण त्यात दोन मोठे. घरच्या कामात ते दोन मोठेच कामाला येतात.

हिरवा_दिवा | ३ मार्च, सकाळी ८:०२

स्नॅपड्रॅगन प्रोसेसरवाले नवे लॅपटॉप कमी तापतात, बॅटरीही भरपूर चालते. गरमीचाच प्रश्न असेल तर त्यांचा विचार का नको?

तिसरी_पिढी | ३ मार्च, सकाळी ८:४०

@हिरवा_दिवा, मशीन म्हणून चांगलेच आहेत. पण धागाकर्त्यांना डिजिटल सहीचं टोकन चालवायचं आहे. त्या मशीनमधलं विंडोज एआरएम या वेगळ्या, मोबाइलसारख्या प्रोसेसर-रचनेवर चालतं. साधे प्रोग्राम अनुकरणाने चालून जातात, ड्रायव्हर (जोडलेलं उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर) मात्र चालत नाहीत. ड्रायव्हर एआरएमसाठी वेगळा बनवलेलाच लागतो. टोकन, जुना प्रिंटर, बारकोडचं यंत्र, जॅकार्ड डिझाइनच्या किंवा मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं यूएसबी लॉक, यातलं काहीही असेल तर कंपनीचा एआरएम ड्रायव्हर मिळतो का ते आधी बघावं लागतं. जीएसटीची विवरणपत्रं सही करून भरायची असतील तर सध्या इंटेल किंवा एएमडीच घ्या.

अर्थिंगवाला | ३ मार्च, दुपारी १:१५

वरचं सगळं पटलं. विजेबद्दल सविस्तर लिहितो, कारण यंत्र बिघडण्याचं मूळ बऱ्याचदा प्लगमध्ये असतं आणि दोष कंपनीला लागतो.

मशीन आणण्याआधी वायरमनला बोलावून त्या प्लगवर तीन मापं घ्या. फेज-न्यूट्रल २३०च्या आसपास (२०७ ते २५३ चालतं), फेज-अर्थ जवळजवळ तितकंच, न्यूट्रल-अर्थ ३ व्होल्टच्या आत. न्यूट्रल-अर्थ १०-१५ दाखवत असेल तर अर्थिंग खराब आहे किंवा न्यूट्रल सैल आहे. फेज-अर्थ काहीच दाखवत नसेल तर तिसऱ्या पिनला अर्थिंगच नाही, नुसतं भोक आहे. अशा प्लगवर कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, कारण एसएमपीएसच्या (कॉम्प्युटरमधला वीजपुरवठ्याचा डबा) फिल्टरमधले कपॅसिटर पत्र्यावर साधारण ११० व्होल्ट आणून ठेवतात. करंट फार थोडा असतो. पण तेच व्होल्टेज एचडीएमआय किंवा यूएसबीची वायर लावता-काढताना पोर्टमधून जातं आणि पोर्ट मरतं. तीन पिनचा प्लग दोन पिनच्या अडॅप्टरमधून लावणं म्हणजे हाच प्रकार.

आता यूपीएस. तुमची मशीन मॉनिटरसह नेहमीच्या कामाला ८० ते १०० वॅट घेईल, जोर लावला तर १५०. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो, तो पुरतो. आतली बॅटरी १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवर, गुणाकार केला तर ८४ वॅट-अवर. त्यावरून तासभराचा हिशोब धरू नका. इतक्या जोरात उपसली की बॅटरी निम्म्याच्या आसपासच देते, वर रूपांतरात तूट. १५० वॅटवर १२-१५ मिनिटं, १०० वॅटवर २५च्या आत. टॅली नीट बंद करायला इतकं भरपूर. लिहिणं चालू असताना वीज गेली तर डेटा बिघडतो, यूपीएस त्यासाठी आहे. तासभर काम चालू ठेवणं हे इन्व्हर्टरचं काम.

ही बॅटरी २५ अंशांसाठी मोजलेली असते. त्यावर दर ८-१० अंशांना आयुष्य साधारण निम्मं होतं. म्हणून यूपीएस भिंतीला चिकटवून, पडद्यामागे, कॅबिनेटच्या गरम हवेसमोर ठेवू नका. आपल्याकडे दोन वर्षांनी बॅटरी बदलायची असं धरूनच चाला. वर्षातून दोनदा मुद्दाम प्लग काढून मिनिटं मोजा.

घरी इन्व्हर्टर असेल तर मागचं बटण यूपीएस मोडवर करा. साध्या मोडमध्ये वीज बदलायला ४० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात, यूपीएस मोडमध्ये दहाच्या आसपास. एसएमपीएस पूर्ण लोडवर जेमतेम १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. मशीन रीस्टार्ट का होते, याचं उत्तर बहुतेक वेळा या एका बटणात असतं.

शेंगाचटणी | ४ मार्च, संध्याकाळी ७:०५

फार उपयोगी माहिती, मनापासून आभार. वायरमनने मापं घेतली : २३६, २३४, २. म्हणजे प्लग ठीक आहे ना?

डेस्कटॉप नक्की केला. दोन दुकानांतून कोटेशन आणली.

पहिलं : "आय-५ प्रोसेसर, एच६१ बोर्ड, १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी, २२ इंची मॉनिटर, कीबोर्ड-माउस, विंडोज ११ टाकून." दुसऱ्याच्या जवळपास निम्म्या भावात.

दुसरं : "आय-५ १२४००, एच६१० बोर्ड, १६ जीबी डीडीआर४ (एक पट्टी), ५१२ जीबी एनव्हीएमई जेन ४, ४५० वॅट एसएमपीएस कॅबिनेटसह, २४ इंची आयपीएस मॉनिटर, ६०० व्हीए यूपीएस." विंडोजचा उल्लेख नाही.

तिसरी_पिढी | ४ मार्च, रात्री ८:१२

पहिलं फाडून टाका. एच६१ हा २०११चा चिपसेट (मदरबोर्डवरची नियंत्रक चिप). त्यावर इंटेलची दुसरी-तिसरी पिढीच बसते, रॅम जुन्या डीडीआर३ प्रकारची. बोर्ड नवा कोरा दिसेल, खोक्यात येईल, पण प्रोसेसर जुन्या ऑफिसच्या मशीनमधून काढलेला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) आणि इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते. या मशीनवर ते तपासणी चुकवून बसवलेलं असतं, पुढे एखादा मोठा अपडेट अडतो. विंडोज १० वर परत जावं तर त्याचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. ज्या मशीनवर जीएसटीचं लॉगिन आणि बँक चालणार, तिथे हे नको.

दुसरं कोटेशन सरळ माणसाचं दिसतं, नंबर सगळे दिले आहेत. त्यात हे बदल सुचवतो.

एच६१० वर एम.२ चा (एसएसडी बसवायचा) स्लॉट जेन ३ चाच, म्हणजे तिसऱ्या पिढीच्या वेगाचाच असतो. जेन ४ ची एसएसडी चालेल, पण वेग जेन ३ चा, म्हणजे साधारण ३,५०० एमबी प्रति सेकंदापर्यंत. तेही घरच्या कामाला उदंड आहे. तेवढ्याच पैशात जेन ३ किंवा साधी जेन ४, पण टीएलसी प्रकारची आणि पाच वर्षं वॉरंटीची मागा. क्यूएलसी नको, भरत आली की लिहिण्याचा वेग फार पडतो. मशीनवर ५१२ च्या जागी ४७६ जीबी दिसेल, ती फसवणूक नाही. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने.

प्रोसेसर खोक्यातला की ट्रे (सुटा, खोक्याशिवाय), ते विचारा. खोक्यातल्याला इंटेलची तीन वर्षं वॉरंटी आणि सोबत पंखा. ट्रेला कंपनीची थेट वॉरंटी नाही, विकणारा देईल तेवढीच.

रॅमचे भाव २०२५च्या शेवटापासून खूप चढले आहेत. कोटेशन किती दिवसांसाठी धरायचं ते लिहून घ्या. बजेट ओढाताणीचं झालं तर १२४०० चा १२१०० करा, एसएसडी आणि एसएमपीएसला हात लावू नका.

रात्रपाळी | ४ मार्च, रात्री ८:५०

रॅमची एक पट्टी बदलून ८-८ च्या दोन घ्या. बोर्डावर दोन स्लॉट असतातच, दोन्ही भरले की मेमरीची वाट दुप्पट रुंद होते.

तिसरी_पिढी | ४ मार्च, रात्री ९:०४

इथे मी वेगळं म्हणेन. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर गेम खेळायचे असते, किंवा ५६००जी असता, तर दोन पट्ट्या हव्याच होत्या. टॅली आणि ब्राउझरमध्ये तो फरक हाताला लागत नाही. एच६१० ला दोनच स्लॉट. ८-८ घेतल्या तर उद्या ३२ करताना दोन्ही काढून टाकाव्या लागतील. एक १६ची घेतली तर शेजारी दुसरी बसवली की झालं.

रात्रपाळी | ४ मार्च, रात्री ९:११

गेम नाहीत हे ध्यानात घेतलं नव्हतं. मग एक पट्टीच बरोबर.

अर्थिंगवाला | ४ मार्च, रात्री ९:३०

मापं उत्तम आहेत, प्लग वापरा.

कॅबिनेटसह येणारा एसएमपीएस वगळा, तो वेगळा घ्या. त्याच्या लेबलवर मोठ्या अक्षरात ४५० असतं. खाली तक्ता बघा : १२ व्होल्टसमोर १६ अँपिअर असेल तर गुणाकार १९२ वॅट. प्रोसेसर आणि पंखे सगळे १२ व्होल्टवरच चालतात, म्हणजे कामाची ताकद तेवढीच. १२४०० एकटाच जोरात ११७ वॅटपर्यंत घेतो. ८० प्लस ब्राँझ (कार्यक्षमतेचं प्रमाणपत्र) असलेला ४५० वॅटवाला घेतला तर १२ व्होल्टवर ३५ अँपिअरच्या आसपास लिहिलेलं सापडेल. लेबलवर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरो) खूण आणि आर-ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कोणाचं उत्पादन ते दिसतं.

एक अडचण मात्र सांगून ठेवतो. चांगल्या एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी (वीज सफाईने ओढणारं सर्किट) असतं आणि स्वस्त यूपीएस चौकोनी लहर देतो. काही जोड्यांचं जमत नाही, वीज गेली की यूपीएस किंचाळतो आणि मशीन बंद. कागदावर हे कळत नाही. दुकानातच मशीन यूपीएसवर चालू करा, एखादा व्हिडिओ लावा, यूपीएसची पिन भिंतीतून काढा. पाच वेळा काढा-लावा. एकदाही बंद पडली तर दुसरा यूपीएस मागा.

जुनी_पेठ | ५ मार्च, सकाळी १०:२५

कुठे घ्यावा, यावर. सुट्या भागांची मशीन असेल तर इथलंच दुकान. एसएमपीएस गेला तर त्याच दिवशी दुसरा लावून बघता येतो. ब्रँडेड घेणार असाल तर आधी कंपनीच्या टोल फ्री नंबरवर आपला पिनकोड सांगून विचारा : घरी येऊन दुरुस्ती मिळते का, केंद्र सोलापुरात आहे की मशीन पुण्याला पाठवावी लागेल. "ऑनसाइट" हा शब्द बिलावर किंवा वॉरंटीच्या पानावर छापलेला हवा, तोंडी नको.

बिलावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर लिहून घ्या आणि दुकानाचा जीएसटीआयएन (जीएसटी क्रमांक) टाकायला लावा. कॉम्प्युटरवर १८ टक्के जीएसटी आहे. धंद्यात जेवढा वापर तेवढं क्रेडिट (भरलेल्या जीएसटीची वजावट) घेता येईल का, ते तुमच्या सीएंना विचारा. बिलाशिवाय स्वस्त देतो म्हटलं तर ते क्रेडिटही गेलं आणि वॉरंटीही.

विंडोजचा उल्लेख नाही, म्हणजे ते फुकटचं टाकून देणार. असल्या विंडोजमध्ये परवाना मोडणारं जे सॉफ्टवेअर असतं, त्याला चालू ठेवायला अँटिव्हायरस बंद केलेला असतो. होम आवृत्तीचा परवाना बिलात धरा.

शेंगाचटणी | ५ मार्च, दुपारी २:४०

दुकानात उभ्या उभ्या काय काय तपासू? आणि प्रिंटर कोणता?

तिसरी_पिढी | ५ मार्च, दुपारी ३:२०

कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्समध्ये प्रोसेसरचा पूर्ण नंबर दिसतो. मेमरीत वेग आणि "१ ऑफ २" असे वापरलेले स्लॉट दिसतात. क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्क तपासणारा प्रोग्राम पेन ड्राइव्हवर न्या. एसएसडी किती तास चालली ते त्यात येतं, नव्याला एक-दोन तासांच्या वर नको. सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशन (विंडोजचा परवाना चालू आहे का) बघा. मॉनिटरवर पांढरं, काळं, लाल, हिरवं, निळं असे पूर्ण पडदे लावून मेलेले ठिपके शोधा. यूएसबीची सगळी पोर्ट एकाच पेन ड्राइव्हने तपासा, पुढचीसुद्धा. पुढच्या पोर्टची वायर आत जोडायची बऱ्याचदा राहून जाते.

सहीचं टोकन सोबत न्या. ड्रायव्हर आणि जीएसटी पोर्टलचा एमसाइनर (सही करणारा प्रोग्राम) टाकून सही दिसते का ते तिथेच बघा.

पूर्वभागकर | ५ मार्च, संध्याकाळी ६:०५

प्रिंटर : आठवड्याला ३० म्हणजे वर्षाला दीड हजार पानं. रंगीत लागत नसेल तर काळा-पांढरा लेसर घ्या. टोनर कोरडी पूड असतो, दोन महिने बंद राहिला तरी वाळत नाही. इंकटँकचं पान स्वस्त पडतं, पण आपल्या कोरड्या उन्हाळ्यात आठ-पंधरा दिवस वापर नसला की छपाईच्या हेडची छिद्रं बुजतात. मग साफसफाईच्या प्रत्येक फेरीत शाई वाया, आणि ती शाई ज्या पॅडमध्ये जाते तो भरला की प्रिंटर थांबतो. मुलीच्या प्रोजेक्टसाठी इंकटँकच हवा असेल तर ज्याचा पॅड किंवा मेंटेनन्स बॉक्स घरी बदलता येतो असं मॉडेल बघा. आठवड्याला एक रंगीत पान काढायचंच. बंद करताना भिंतीचा स्विच नाही, प्रिंटरचं बटण. बटणाने बंद केला की हेड टोपीखाली जाऊन बसतं, स्विचने केला तर उघडं राहतं.

अर्थिंगवाला | ५ मार्च, संध्याकाळी ६:२२

लेसर घेतला तर तो यूपीएसच्या बॅटरीवाल्या सॉकेटला लावायचा नाही. पान काढताना आतला हीटर क्षणभर ८००-१००० वॅटपर्यंत ओढतो, ३६० वॅटचा यूपीएस तिथेच बसतो. त्याला भिंतीचा वेगळा प्लग.

शेंगाचटणी | ५ मार्च, रात्री ९:००

लेसरच घेतो. शेवटचा प्रश्न : वीज गेली की वायफायही जातं, राउटर त्याच यूपीएसवर लावू का?

अर्थिंगवाला | ५ मार्च, रात्री ९:१८

लावू नका. यूपीएस चालू ठेवायचा म्हणजे तो १२ व्होल्टचे २३० करणार आणि राउटरचा अडॅप्टर पुन्हा १२ करणार, बॅटरी त्यातच संपते. राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस वेगळा मिळतो. अडॅप्टरवरचं आउटपुट वाचून घ्या. बहुतेक १२ व्होल्ट १ अँपिअर किंवा १.५ असतो, काही ९ व्होल्टचे. व्होल्ट तंतोतंत तेच हवेत, अँपिअर तितके किंवा जास्त. फायबरचा डबा आणि राउटर वेगळे असतील तर दोन आउटपुटवाला घ्या आणि दोघांच्या अँपिअरची बेरीज धरा. पिनची जाडी दुकानात अडॅप्टर नेऊनच जुळवा, बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या पिनांत आतलं भोक वेगळ्या मापाचं असतं. सैल बसली तर राउटर दर दहा मिनिटांनी आपोआप रीस्टार्ट होतो आणि आपण इंटरनेटवाल्याला फोन करत बसतो.